विद्यार्थ्याचा पहिला शोधनिबंध

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत संशोधनाविषयी जी विचारपूस चालते तिचा क्रम बहुधा उलटा असतो. फेलोशिपचे अर्ज कधी निघतात, उन्हाळ्यात कोणत्या संस्थेत प्रवेश मिळतो, कोणते नियतकालिक निबंध लवकर छापते, हे प्रश्न आधी विचारले जातात आणि नेमके काय शोधायचे आहे हा प्रश्न सर्वांत शेवटी, पुष्कळदा मार्गदर्शकाने एखादा विषय हातावर ठेवल्यानंतरच, पुढे येतो. विद्यार्थिदशेत झालेली जी कामे ज्ञानाच्या इतिहासात टिकून राहिली त्यांतील अनेकांत मात्र आधी एखादी लहानशी विसंगती कोणाच्या तरी नजरेस पडली, ती खरी आहे की भास आहे हे तपासण्याची युक्ती सुचली आणि संस्था, मार्गदर्शक, नियतकालिक यांचा शोध त्यामागोमाग सुरू झाला, असे आढळते. प्रस्तुत प्रकरणातही तोच क्रम ठेवला आहे.

प्रश्नाचा आकार

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’च्या नोव्हेंबर १९०६ च्या अंकात प्रसिद्ध झाला, तेव्हा ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात एम.ए.चे विद्यार्थी होते आणि त्यांनी नुकतीच वयाची १८ वर्षे पूर्ण केली होती. प्रकाश अरुंद फटीतून जाताना किंवा एखाद्या कडेला लागून जाताना थोडा पसरतो आणि पडद्यावर उजेड-काळोखाचे पट्टे उमटतात. यालाच विवर्तन म्हणतात. आयताकृती फटीवर प्रकाश तिरकस पडला की हे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे राहत नाहीत, ही गोष्ट महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील नेहमीचे उपकरण हाताळताना रामन यांच्या ध्यानात आली, त्यांनी मापे घेतली आणि पाच पानांचा निबंध तयार केला. मसुदा प्राध्यापकांकडे दिल्यावर कित्येक महिने त्यावर काहीच अभिप्राय आला नाही, तेव्हा तो त्यांनी परस्पर लंडनला पाठवला आणि तो छापूनही आला. या हकिकतीतून प्रतिभेचा महिमा सांगण्याची प्रथा आहे, परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिच्यातील दोन साध्या बाबी अधिक कामाच्या आहेत: एक म्हणजे उपकरण सर्वांच्या हाताखालचेच होते, आणि दुसरी म्हणजे लॉर्ड रॅली, हेल्महोल्ट्झ यांचे लेखन रामन यांनी आधीच वाचलेले असल्यामुळे समोर दिसणाऱ्या पट्ट्यांत नवे काय आहे हे त्यांना ओळखता आले. ज्याने वाचलेले नाही त्याला असे पट्टे उपकरणाचा दोष वाटले असते.

प्रश्न किती लहान असू शकतो याचे याहून बोलके उदाहरण अमेरिकेतील एमिली रोझा या मुलीचे आहे. तेथील काही परिचारिका रुग्णाच्या अंगाला स्पर्श न करता, केवळ हात वरून फिरवून, त्याच्या ‘ऊर्जाक्षेत्रा’वर उपचार करता येतात असे मानत आणि या पद्धतीला बराच मान मिळालेला होता. ही पद्धत रुग्णाला बरे करते की नाही हे तपासायचे तर रुग्णालय, शेकडो रुग्ण आणि काही वर्षे लागली असती. एमिलीने, तेव्हा नऊ वर्षांच्या आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प शोधणाऱ्या मुलीने, त्याआधीचा एक प्रश्न विचारला: हे ऊर्जाक्षेत्र हाताला जाणवते असा दावा आहे, तर न पाहता ते जाणवते काय? पुठ्ठ्याचा आडपडदा उभा करून त्याला खाली दोन भोके ठेवण्यात आली, उपचारकर्त्याने त्यांतून दोन्ही हात तळवे वर करून पुढे काढावेत, एमिलीने नाणे उडवून उजवा की डावा हे ठरवावे, आपला तळवा त्या हाताच्या काही सेंटिमीटर वर धरावा आणि तो कोणत्या हातावर आहे हे उपचारकर्त्याने सांगावे, इतकाच प्रयोग होता. २१ उपचारकर्त्यांच्या एकूण २८० चाचण्यांत १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून अंदाज केला असता तरी निम्म्याच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती. हा निबंध एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा एमिली ११ वर्षांची होती. लेखनात तिची आई आणि आणखी दोन प्रौढ सहलेखक होते आणि निष्कर्षांच्या व्याप्तीवर नंतर टीकाही झाली. परंतु प्रयोगाची आखणी आजही संशोधनपद्धती शिकवताना वापरण्याजोगी आहे, कारण तिच्यात दाव्याच्या साखळीतील पहिली कडी वेगळी काढून फक्त तीच तपासली आहे.

महाराष्ट्रातील प्रकल्पांची शीर्षके पाहिली तर नेमका हाच विवेक कमी पडलेला दिसतो. ‘ग्रामीण महाराष्ट्रातील पाणीटंचाई: एक अभ्यास’ या शीर्षकाखाली सहा महिन्यांत कोणीही काही सिद्ध करू शकत नाही. त्याच विषयातला विद्यार्थ्याच्या आवाक्यातला प्रश्न असा असू शकतो: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, तालुक्यातील अशा एका विहिरीची नोंद आणि तिच्या भोवतीच्या गावातील पिण्याच्या पाण्याच्या विहिरींची प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ बसतो काय, आणि बसत नसेल तर फरक कोणत्या महिन्यात वाढतो? यासाठी दोरी, मोजपट्टी, वही आणि एक उन्हाळा पुरतो. शिवाय ही माहिती त्या गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याला जितक्या सहजपणे मिळते तितकी मोठ्या संस्थेतील संशोधकाला मिळत नाही, आणि नवख्या संशोधकाचे खरे भांडवल हेच असते. इरावती कर्वे यांनी मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ मध्ये एम.ए.साठी जो प्रबंध लिहिला तो चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे स्वतःच्याच समाजावर होता. जवळच्या विषयात आपल्याच गृहीतांना पुरावा समजण्याचा धोका असतो हे खरे, तथापि दूरच्या विषयात पुरावाच हाती न लागण्याचा धोका त्याहून मोठा असतो.

येथे एका प्रचलित पद्धतीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. दहा-पंधरा प्रश्नांचा गूगल फॉर्म तयार करून तो मित्रांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरवायचा आणि आलेल्या शंभरेक उत्तरांवरून ‘तरुणांचा ऑनलाइन खरेदीकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ सांगायचा, हा वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांतील सर्वांत सोपा मार्ग झाला आहे. ज्यांनी उत्तरे दिली ते कोणाचे प्रतिनिधी आहेत हे सांगता येत नसेल, तर त्या उत्तरांची टक्केवारी कितीही दशांश स्थळांपर्यंत काढली तरी तिला अर्थ येत नाही. त्यापेक्षा एकाच बाजारपेठेतील सर्व वीस दुकानदारांना भेटून घेतलेल्या मुलाखती अधिक मोलाच्या, कारण तेथे निदान कोणाविषयी बोलले जात आहे हे निश्चित असते.

आधी झालेले वाचणे

आपला प्रश्न पूर्वी कोणी सोडवला आहे काय, हे पाहण्याला पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणतात. हा आढावा म्हणजे दहा निबंधांचे दहा परिच्छेदांत सार देणे नव्हे. कोणत्या मुद्द्यावर एकमत आहे, कोठे मतभेद आहेत आणि आपला प्रश्न नेमक्या कोणत्या रिकाम्या जागेत बसतो, हे त्यातून दिसावे लागते. परदेशी नियतकालिकांची वर्गणी परवडत नसल्यामुळे लहान गावांतील महाविद्यालयांना हे वाचन पूर्वी जवळजवळ अशक्य होते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेनुसार सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली करण्यात आली असून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. भारतीय विद्यापीठांत सादर झालेले पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात कोणालाही विनामूल्य वाचता येतात, आणि भौतिकशास्त्र व गणित या विषयांतील पुष्कळ नवे निबंध १९९१ पासून चालू असलेल्या ‘अर्काइव्ह’ या संग्रहात छपाईआधीच ठेवलेले असतात.

इतिहास आणि मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यासाठी वाचनाची जागा वेगळी आहे. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर, मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, मुंबईची एशियाटिक सोसायटी आणि गोव्याचे पुराभिलेखागार येथे अजून न वाचलेले कागद मोठ्या संख्येने पडून आहेत. महाविद्यालयाचे पत्र आणि ओळखपत्र नेले म्हणजे वाचनकक्षाचे दार सहसा उघडते. अडते ते मोडी वाचता न आल्यामुळे. मोडी लिपी सरावाने काही महिन्यांत वाचता येऊ लागते, आणि ती येणारा पदवीचा विद्यार्थी अनेक पदव्युत्तर अभ्यासकांच्या पुढे जातो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

संधी आणि मार्गदर्शक

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत व्यापक योजना म्हणजे बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन फेलोशिप. निवडलेला विद्यार्थी दोन महिने देशातील एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करतो, त्याला विद्यावेतन मिळते आणि शेवटी अहवाल द्यावा लागतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याच्या आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात तसेच बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातही सुटीतील असे कार्यक्रम चालतात. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा उपक्रम २००४ पासून पदवीच्या आरंभीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांसाठी चालतो आणि त्यात एकाच सुटीपुरते नव्हे तर अधिक काळ प्रकल्पावर काम करता येते. यांतील अनेक अर्ज आदल्या हिवाळ्यातच मागवले जातात. एप्रिलमध्ये परीक्षेची वेळापत्रके लागल्यावर उन्हाळ्याचा विचार करणाऱ्याची वेळ टळलेली असते.

वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना चालवते. तिची रचना अनुकरणीय आहे, कारण तीत विद्यार्थ्याला आपल्याच महाविद्यालयातील मार्गदर्शकाच्या मदतीने प्रस्ताव लिहावा लागतो, मानवी सहभाग असल्यास नीतिसमितीची, म्हणजे संशोधनात सहभागी होणाऱ्यांचे हित जपले जाते की नाही हे पाहणाऱ्या समितीची, परवानगी घ्यावी लागते आणि साधारण दोन महिन्यांत काम पुरे करावे लागते. महाराष्ट्रातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा महाविद्यालयापासून राज्यपातळीपर्यंत सहा विद्याशाखागटांत होते आणि मानव्यविद्या, भाषा, ललितकला यांनाही तीत स्थान आहे, हे विज्ञानेतर विद्यार्थ्यांना पुष्कळदा ठाऊकच नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते आणि त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध असतो. ही सोय चांगली आहे. तिच्यासाठी लागणारे मार्गदर्शक प्रत्येक महाविद्यालयात आहेत काय, हा प्रश्न मात्र धोरणाच्या कागदावर सुटणारा नाही.

योजनांच्या बाहेर राहूनही मार्गदर्शक मिळतो आणि त्यासाठी लागते ते एक नेमके पत्र. एकच मजकूर पन्नास प्राध्यापकांना धाडणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर येत नाही याचे कारण प्राध्यापकांचा उद्दामपणा नसतो. आपले कोणते काम वाचून हा आला आहे हे त्यांना त्या पत्रातून कळत नाही. ज्या पत्रात प्राध्यापकांच्या एका निबंधाचा उल्लेख आहे, त्यातील न समजलेला किंवा पुढे नेता येईल असा एक मुद्दा दोन-तीन वाक्यांत मांडला आहे, आपल्याला काय येते आणि आठवड्यातून किती तास देता येतील हे खरेखरे लिहिले आहे, असे अर्ध्या पानाचे पत्र वाचले जाण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. आपल्या महाविद्यालयातील शिक्षकाला वगळून एकदम नामांकित संस्थेकडे धावण्याची घाईही बरी नव्हे, कारण शिफारसपत्र त्याच शिक्षकाला लिहायचे असते आणि मसुद्याची पहिली तीन-चार वाचने जवळच्या माणसाकडूनच होऊ शकतात.

छापणे आणि छापून घेणे

वैज्ञानिक नियतकालिकांची परंपरा १६६५ पासून सुरू होते. त्या वर्षी पॅरिसमध्ये ‘झुर्नाल दे सावां’ आणि लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांच्या संपादनाखाली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ ही दोन पत्रे निघाली. कोणी काय शोधले याची तारखेनिशी नोंद राहावी आणि इतरांना ते तपासता यावे, हा त्यांचा हेतू होता. आज प्रतिष्ठित नियतकालिकात आलेला निबंध संपादक त्याच विषयातील दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात, ते विनामोबदला त्यातील त्रुटी दाखवतात आणि त्यांच्या मतावरून निबंध स्वीकारणे, सुधारून मागवणे किंवा नाकारणे यांपैकी एक निर्णय होतो. या प्रक्रियेला तज्ज्ञपरीक्षण म्हणतात. तिला काही आठवडे ते वर्षभर इतका काळ लागतो, आणि तिच्यातून गेलेला निबंधही चुकीचा असू शकतो, तरीही निदान लेखकाशी संबंध नसलेल्या कोणीतरी तो शेवटपर्यंत वाचलेला असतो.

हे वाचन न मिळाल्यास काय होते याचा प्रत्यय देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या चरित्रातून येतो. फर्ग्युसन महाविद्यालयात विद्यार्थी असताना १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. पुढे शाळेत शिकवत असताना त्यांनी संख्यांचे अनेक गुणधर्म शोधले, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ६१७४ या संख्येचा आहे: सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करावी, म्हणजे फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२ आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कापरेकरांचे बरेचसे लेखन अल्पपरिचित नियतकालिकांत आणि स्वतः छापलेल्या पुस्तिकांत आले, त्यामुळे ते गणितज्ञांपर्यंत क्वचितच पोहोचले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावरच जगाचे लक्ष गेले. याउलट रामानुजन यांचा पहिला निबंध १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. हे मंडळ १९०७ मध्ये स्थापन झालेले आणि त्याचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. नियतकालिक लहान होते, तरी ते वाचणारे गणितीच होते आणि रामानुजन यांच्या अस्ताव्यस्त मांडणीवर संपादकांना बरेच श्रम घ्यावे लागले, हा लेखकाचाच लाभ होता.

सध्याचा धोका कापरेकरांच्या काळाहून वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी.आधी एक निबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे केले आणि २०१० पासून अध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशनांना गुण दिले. मागणी वाढताच पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. ग्रंथपाल जेफ्री बील यांनी त्यांना भक्षक नियतकालिके हे नाव दिले. पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये दगडफुलापासून मिळवलेल्या कर्करोगविरोधी रेणूविषयी मुद्दाम ढोबळ चुका असलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांना पाठवला, तेव्हा १५७ जणांनी तो स्वीकारला आणि ९८ जणांनी नाकारला. भारतापुरते पाहिले तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये असे दाखवले की त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, पुढे पुण्यातूनच चालवली जाणारी ‘केअर’ ही नवी यादी आली, २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठीची प्रकाशनसक्ती गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही बंद झाली. याचा अर्थ कोणते नियतकालिक विश्वासार्ह हे ठरवण्याचा भार आता संस्थांवर आणि पर्यायाने लेखकावर आहे.

ओळखण्याची लक्षणे फारशी गूढ नाहीत. दोन दिवसांत स्वीकृती, स्वीकृतीसोबतच प्रमाणपत्र आणि शुल्काचा क्यूआर कोड, साहित्यापासून यंत्र अभियांत्रिकीपर्यंत सर्व विषय एकाच अंकात, संपादक मंडळात नावे पण संस्थांचे पत्ते नाहीत, आणि कोणी मोजला ते न सांगितलेला इम्पॅक्ट फॅक्टर, एवढे आढळले की पुढे शोधण्याची गरज नसते. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकातील मागील दोन वर्षांच्या निबंधांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले याचा आकडा. तो अधिकृतपणे एकच कंपनी प्रसिद्ध करते, त्याशी मिळतीजुळती नावे घेतलेले आकडे बाजारात विकत मिळतात. मुखपृष्ठावरचा आठ चिन्हांचा आयएसएसएन क्रमांकही गुणवत्तेचा दाखला नव्हे. तो केवळ नियतकालिकाची ओळख पटवतो. शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक मात्र लबाड नसते, कारण वाचकांना विनामूल्य उपलब्ध असलेली अनेक चांगली नियतकालिके लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून खर्च घेतात. उलट वर्गणीवर चालणारी अनेक नियतकालिके लेखकाकडून काहीच घेत नाहीत, आणि पदरचे पैसे घालू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आधी त्यांच्याकडेच वळावे. सर्वांत भरवशाची कसोटी अशी की स्वतःच्या निबंधाच्या संदर्भसूचीत ज्या नियतकालिकांची नावे वारंवार आली आहेत, त्यांतूनच एकाची निवड करावी. ज्यातील एकही लेख आपल्याला उपयोगी पडला नाही, तेथे आपला लेख कोणाला उपयोगी पडणार?

मराठीत लिहिणाऱ्याला दुय्यम मार्ग पत्करावा लागतो असेही नाही. ‘भाषा आणि जीवन’, ‘परामर्श’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘अर्थसंवाद’, ‘मराठी संशोधन पत्रिका’, वाईचे ‘नवभारत’, धुळ्याचे ‘संशोधक’ आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक यांनी पिढ्यानपिढ्या गंभीर लेखन छापले आहे. यांतील काहींचे अंक उशिरा निघतात आणि परीक्षणाची पद्धत सर्वत्र सारखी काटेकोर नाही. तरीही स्थानिक इतिहास, बोली किंवा ग्रामीण अर्थव्यवहार यांवरच्या निबंधाला जे जाणकार वाचक हवेत ते येथेच भेटतात.

नाव कोणाचे आणि शब्द कोणाचे

लेखक म्हणून कोणाचे नाव यावे यावरून मार्गदर्शक-विद्यार्थी संबंध जितके बिघडतात तितके दुसऱ्या कशावरूनही बिघडत नसतील. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घातलेल्या अटींनुसार कामात भरीव वाटा, मसुद्याचे लेखन किंवा चिकित्सक सुधारणा, अंतिम मजकुराला संमती आणि त्याची जबाबदारी घेण्याची तयारी या चारही गोष्टी असतील तरच लेखकत्व मिळते; विभागप्रमुख असणे किंवा प्रयोगशाळा वापरू देणे यासाठी ऋणनिर्देश पुरतो. केंब्रिजमध्ये पीएच.डी.ची विद्यार्थिनी असताना १९६७ मध्ये जॉसलिन बेल हिने रोज सुमारे १०० फूट कागदावर उमटणाऱ्या आलेखातील एक खटकणारी खूण हेरली आणि त्यातून पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक काळाने रेडिओ स्पंदने धाडणारा तारा, सापडला. १९६८ च्या निबंधात तिचे नाव मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांच्यानंतर दुसरे होते आणि १९७४ च्या नोबेल पारितोषिकात ते नव्हतेच. कामाला आरंभ होण्यापूर्वीच नावांचा क्रम बोलून ठेवावा आणि तो ई-मेलमध्ये लिहून घ्यावा; यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

वाङ्मयचौर्याच्या बाबतीत आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, यावरून ‘दहा टक्के चालते’ असा सोयीस्कर अर्थ काढला जातो. तपासणारे सॉफ्टवेअर शब्द मोजते. दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून घेतली तर ते काही बोलत नाही, पण त्या विषयातील परीक्षक बोलतो. चॅटजीपीटीसारख्या साधनांनी लिहून घेतलेल्या मजकुराबाबत बहुतेक प्रकाशकांची भूमिका आता अशी आहे की यंत्राला लेखक मानता येत नाही, वापर केला असल्यास तो जाहीर करावा आणि चुकांची जबाबदारी माणसाचीच राहील. अशी साधने अस्तित्वात नसलेले संदर्भ बेमालूमपणे रचतात, म्हणून न वाचलेला एकही निबंध सूचीत घालू नये.

परीक्षकांना उत्तर

पहिल्यांदा निबंध पाठवणाऱ्याला परीक्षकांचे पत्र अपमानास्पद वाटते. वर कल्पिलेल्या विहिरींच्या निबंधावर परीक्षक बहुधा असे लिहील की महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे, या खडकात पाणी भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून वाहत असल्यामुळे शंभर मीटरवरच्या दोन विहिरींची पातळीही वेगळी असू शकते, तेव्हा एका निरीक्षण विहिरीशी केलेली तुलना ग्राह्य कशी धरावी? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर देताना प्रत्येक आक्षेप उद्धृत करून त्याखाली काय बदलले आणि कोणत्या पानावर बदलले हे लिहायचे असते: विहिरींची खोली नोंदवून उथळ आणि खोल असे दोन गट केले, नकाशा जोडला, ‘शासकीय नोंद चुकीची आहे’ हे विधान वगळून ‘या गावापुरती ती प्रातिनिधिक ठरत नाही’ असे लिहिले. जो आक्षेप मान्य नाही तोही टाळता येत नाही. तो का मान्य नाही हे पुराव्यासह आणि सौम्य भाषेत सांगावे लागते, आणि असे उत्तर संपादक सहसा स्वीकारतात. नकार आला तर परीक्षकांचे मुद्दे दुरुस्त करूनच पुढच्या नियतकालिकाकडे जावे, कारण लहान विषयांत तोच परीक्षक पुन्हा भेटण्याचा संभव बराच असतो. आणि एकाच वेळी दोन नियतकालिकांना निबंध पाठवणे हा सर्वत्र गैरप्रकार मानला जातो.

स्वीकृतीनंतर छपाईपूर्व प्रत तपासण्यासाठी येते, ती बहुधा दोन-तीन दिवसांत परत करायची असते आणि परीक्षेच्या काळात नेमकी तीच दुर्लक्षित राहते. या प्रतीत तक्त्यांतील आकडे, लेखकांच्या नावांची अक्षरे आणि आकृत्यांखालील मजकूर मूळ वहीशी ताडून पाहावा. एकाच नावाच्या अनेक संशोधकांत गोंधळ होऊ नये म्हणून ‘ऑर्किड’ हा १६ अंकी ओळखक्रमांक विनामूल्य मिळतो, तो आधीच घेऊन ठेवलेला बरा. मोजमापांच्या मूळ वह्या, मुलाखतींची संमतिपत्रे आणि आकडेवारीच्या फाइली निबंध छापून आल्यानंतरही जपून ठेवाव्या लागतात, कारण एखाद्या वाचकाने आकडा पडताळून मागितला आणि त्यात खरोखरच चूक निघाली तर संपादकाकडे शुद्धिपत्र धाडण्याचे काम लेखकाचेच असते.